पेट्रोल वाढवणारे आप्पा

आमचे सासरे, आप्पा, वस्तू बिघडायची वाट बघत नसत. चालू असतानाच उघडत. मिक्सर, इस्त्री, दाराची बेल, काही म्हणता काही सोडलं नाही. एकदा तर सासूबाईंची नवी कवळी कानस लावून ‘बसवून’ दिली. आईंनी ती पुन्हा तोंडात घातली नाही. जोडून झालं की दोन-चार स्क्रू हमखास उरत. ते तळहातावर नाचवत आप्पा म्हणत, “हे मुळातच जादा होते. बनवणाऱ्याला अक्कल नव्हती.”

नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झालेली. त्यामुळे पंचवटीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटायचं, आप्पा विमानं दुरुस्त करायचे. हा गैरसमज त्यांनी तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. खरं तर ते टाइम ऑफिसात होते, कामगारांची हजेरी मांडायला. विमान तुम्ही-आम्ही बघतो तसंच त्यांनीही बघितलं, खालून. पण कुणी काही शिकवायला गेलं की ठरलेलं उत्तर यायचं, “विमानाची मीटरं बघितलीत आम्ही. गाडीचं काय सांगता?”

गाडी म्हणजे पांढरी अँबॅसिडर, निवृत्त झाल्यावर घेतलेली, वयानं माझ्यापेक्षा मोठी. एका रविवारी तिचा पेट्रोलचा काटा थरथरायला लागला. द्वारका चौकाजवळचे रफिकभाई मिस्त्री म्हणाले, आणून ठेवा, संध्याकाळी घेऊन जा. झालं! आप्पांना तो अपमान वाटला. त्यांनी बॅटरीची वायर काढली (एवढं एकच काम बरोबर केलं, म्हणून मुद्दाम सांगते), डॅशबोर्डमागे हात घालून स्पीडोमीटरची केबल सोडवली आणि अख्खं मीटर बाहेर ओढलं. ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडलं. आठवडाभर आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून जेवलो.

वायरींची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर एकेक अक्षर लिहिलं. हजेरीबुकातली जन्माची सवय. काना-मात्रा म्हणजे शाईची नासाडी, असं त्यांचं मत. पेट्रोलच्या वायरीवर लिहिलं ‘प’. इंजिन किती तापलं ते दाखवणारा जो काटा, त्याला आपल्याकडे पाण्याचा काटा म्हणतात. त्याच्या वायरीवरही लिहिलं ‘प’. मग व्हायचं तेच झालं, जोडताना दोन्ही ‘प’ एकमेकांच्या जागी गेले.

त्याच आठवड्यात मला मनमाडच्या एका शाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं. लग्न करून नामपूरहून आले तेव्हापासून मी बी.एड.ची पदवी पेटीत ठेवून पोळ्या लाटत होते. ही नोकरी मला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. मी बसनं निघणार होते, पण आप्पा म्हणाले, घरात गाडी असताना सून एसटीत लोंबकळणार? सासऱ्यांना नाही म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. साडीच्या निऱ्या सांभाळत मी बसले.

नाशिक सुटलं आणि चमत्कार सुरू झाला. गाडी जशी पळेल तसा पेट्रोलचा काटा वर. मी घाबरत म्हटलं, आप्पा, पेट्रोल वाढतंय. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “मीटर आता कुठे खरं दाखवायला लागलंय. आधी चोरी व्हायची.” पाण्याचा काटा मात्र हळूहळू खाली येत होता. त्यावर इंजिन थंडगार असल्याचं मला समजावून सांगण्यात आलं.

चांदवडच्या चढाला बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडीनं मान टाकली. मागून येणारा कांद्याचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर आमच्या बागलाणकडचा. बॉनेटला हात लावून म्हणाला, “आप्पा, गाडी तापेल शे.” आमच्या अहिराणीत याचा अर्थ गाडी तापलेली आहे. शहरी आप्पांना ते भविष्य वाटलं. ते म्हणाले, “तापेल तेव्हा बघू. आत्ता काटा खाली आहे.” त्या बिचाऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि टाकीवर थाप मारली. टाकी रिकामी वाजली. भरलेली दिसत होती ती टाकी कोरडी होती आणि थंड दिसत होतं ते इंजिन उकळत होतं.

मी आप्पांना तिथेच सोडलं आणि टेम्पोत चढले. कांद्याच्या वासानिशी मुलाखत दिली आणि नोकरी मिळवली. गल्लीत आप्पांनी सांगितलं, सुनेला गाडीनं मनमाडला पोचवली, म्हणून तर तिचं जमलं. मी दात-ओठ खाल्ले. वायरी बदलू म्हटलं की ते म्हणत, “मीटर बरोबर आहे, गाडी चुकतेय.” पुढे कित्येक वर्षं आम्ही सगळे काटे उलटे वाचत आलो.

मग आप्पांना दवाखान्यात न्यायची वेळ आली. डॉक्टरांनी विचारलं, छातीत कधीपासून दुखतंय? आप्पा म्हणाले, आत्ताच. डॉक्टर बाहेर गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, “दिवाळीपासून दुखतंय.” तेव्हा होळी येऊन गेली होती. मी कपाळावर हात मारला. मग ते म्हणाले, “आणि मनमाडला जाताना ते पेट्रोल. ओझरलाच कळलं होतं मला.”

“मग गाडी थांबवली का नाही, आप्पा?”

“तू शेजारी बसली होतीस. सुनेसमोर काय सांगणार?”

त्याच आठवड्यात ते गेले. मी खूप रडले, आणि खरं सांगते, त्यातलं निम्मं रडणं रागाचं होतं. दिवाळीलाच बोलले असते तर कदाचित वाचले असते हो. पण या माणसाला मरण चालत होतं, चूक चालत नव्हती.

वर्षश्राद्ध झाल्यावर गाडी रफिकभाईंकडे नेली. त्यांनी मीटर बाहेर काढलं, तर दोन्ही चिकटपट्ट्या तशाच, दोन्हींवर ‘प’. ते हसले आणि नरमाईनं म्हणाले, ताई, आप्पांची आठवण म्हणून असंच राहू देऊ का? मी म्हटलं, नको भाई, सरळ करा. आमच्या घरात खरं सांगणारं एक तरी असू दे.

त्यांनी वायरी बदलल्या. मी चावी फिरवली. पेट्रोलचा काटा तळाशी पडून राहिला. टाकी खरोखरच रिकामी होती.