आबांच्या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी

मंडळी, राग उतरायच्या आत लिहून टाकते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी रावेरला आलेय. आबांनी स्वतः घेतलेली केळीची बाग पुढे कोणाची, यावर कित्येक महिने मीच त्यांना फोनवर समजावत होते. मृत्युपत्र केलं तर ते माणूस गेल्यावर लागू होतं. ट्रस्ट केला तर बाग आत्ताच ट्रस्टकडे जाते आणि दोन्ही मुलं मिळून सांभाळतात. "ट्रस्टच करू बाई, तू न् भाऊ दोघं," हे आबांचेच शब्द.

आज सकाळी भाऊ म्हणाला, "ताई, वकिलाकडे चल, तुझी सही लागेल." मला वाटलं, ट्रस्टचीच असणार. चांगली साडी नेसून गेले!

टेबलावर मृत्युपत्र. वकील म्हणाले, "ताई, साक्षीदार म्हणून इथे सही करा. ज्याला यात काही मिळत नाही, असाच साक्षीदार घेतो आम्ही."

मी आबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत बसले.

मी पेन खाली ठेवलं. "बाहेरचा कोणी बघा, आबा."

"परका कशाले पाहिजे? तू घरचीच हाये ना!"

बाग भावाला द्यायची तर द्या हो, पण आधी तोंडावर सांगा ना!

घरी आल्यावर वहिनीने ओटी भरली. भावाने गाडीत केळीचा घड ठेवला. आबा दारात उभे राहून म्हणाले, "पुढच्या आखाजीले लवकर ये."

माहेरवाशिणींनो, माझ्या जागी तुम्ही पुढच्या आखाजीला जाल?