अकरा पोलीस आणि एक सत्याग्रही

देवघरात निर्माल्य साठावे, तसे आमच्या भजनी मंडळाचे किस्से साठत जातात. टाकवत नाहीत आणि ठेवायला टोपली पुरत नाही! त्यांतही स्वातंत्र्यदिनाच्या नाटकाचे किस्से असे, की तीस वर्षे मी या मंडळींपुढे क्षमा आणि शांतीचे जे निरूपण केले, ते नेमके कुठे मुरले, असा प्रश्न पडावा.

मूळ प्रसंग खरा आहे. इंग्रजी अमलात सांगोल्याकडच्या आमच्या गावाने बंदी मोडून सरकारी कुरणात गवत कापले आणि लाठ्या खाल्ल्या. उलट हात मात्र एकानेही उचलला नाही. त्या मार खाणाऱ्यांपैकी एकाची मुलगी, सारजाआजी, आज नव्वदीपार आहे. तेव्हा ती परकरी पोर होती. बापाच्या मागे कुरणात उभी होती.

ती मला म्हणाली, "बुवा, डोळं मिटायच्या आत त्यो परसंग एकदा जसा झाला तसा दावा. भांडन न करता."

मी तुळशीपुढे उभा राहून शब्द दिला. तिथेच चुकलो!

*

भूमिका वाटायला बसलो. बारा जण आले. अकरा जणांना पोलीस व्हायचे होते.

"अरे, तुमच्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्या म्हणून गावभर मिरवता ना?"

"मिरवतो की बुवा. पर त्यांनी खाल्ल्या न्हवं? मग आता आमी कशाला परत?"

डाळिंबवाला बापू उशिरा आला, म्हणून सत्याग्रही झाला. अकरा पोलीस आणि एक सत्याग्रही! एवढा बंदोबस्त इंग्रजालाही परवडला नसता.

*

फौजदार झाला दत्तू, म्हणजे बापूचा बांधशेजारी. पहिल्याच तालमीत त्याने लाठी मारली आणि बापूने त्याची कॉलर धरली.

"बापू! सत्याग्रही हात उचलत नाही!"

"बुवा, ह्यो इंग्रजाची लाठी मारंना. मी बांध कोरला म्हनतोय, त्याची मारतोय!"

"मग कोरला न्हाईस व्हय?" फौजदाराने विचारले.

पुढचा तासभर इंग्रजी राजवट बाजूला राहिली आणि बांधाचा पंचनामा चालला.

*

मी उपाय योजला. राग आवरायला नामासारखे साधन नाही. बापूला सांगितले, "प्रत्येक लाठीला मुखाने 'विठ्ठल' म्हण."

त्याने म्हटले. असे म्हटले, की नाव देवाचे आणि सूर शिवीचा! तिसऱ्या 'विठ्ठल'ला दत्तू लाठी टाकून माझ्याकडे आला. "बुवा, ह्यो माझ्या आईवरनं बोलतोय!"

*

मग ठरले, की तालीम प्रत्यक्ष त्याच कुरणात करावी. भूमीचा काही संस्कार होईल. पहिली पेंढी कापली आणि लांबून फॉरेस्ट गार्डची मोटारसायकल दिसली. क्षणार्धात कुरण रिकामे! सत्याग्रही पळाला, आणि त्याच्याही पुढे अकरा पोलीस!

विळा हातात घेऊन मी एकटाच उभा.

"आजोबा, तुमी तरी? ह्या वयात?"

"गुन्हा कबूल आहे. अटक करा," मी म्हणालो. मनातून थोडा सुखावलोही होतो.

गार्डने कपाळाला हात लावला. "त्याला चार फॉर्म भराया लागत्यात, सायेबाची सही लागती. कशाला ताप देताय? जावा घरी."

*

गेल्या वर्षीचा प्रयोग सांगताना लाज वाटते. तिसऱ्या लाठीला प्रेक्षकांतून बापूचा मेव्हणा उठला आणि त्याने फौजदाराच्या डोक्यात खुर्ची घातली. पुढे खुर्च्यांचाच कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेतली सारजाआजी काठी टेकत उठली. मी मागे धावलो, क्षमा मागितली.

"तुमचं न्हाय ओ बुवा चुकत," ती म्हणाली. "पर फुडच्या साली मी आसंन का?"

हे मी बापूला जसेच्या तसे सांगितले.

*

यंदा ती होती. नातवाने खुर्चीसकट उचलून आणली आणि विंगेपाशी बसवली.

बापू रंगमंचावर पसरलेल्या गवतात मांडी घालून बसला. दत्तूची पहिली लाठी पडली. दुसरी पडली. पाचवी तर खरीच लागली. पाठीवर वळ उठलेला मला दिसला. बापूचे हात मांडीवरून हलले नाहीत. दत्तूलाच काही सुचेना, म्हणून तो मारतच राहिला. जाड खाकी कोटात घामाने निथळत होता. मेव्हणा मुठी आवळून बसला होता, पण बसला होता! आजीला दिल्यापासून प्रथमच माझा शब्द खरा होत होता.

शेवटी दत्तूचा हात खाली आला. आता सत्याग्रह्याला पाणी पाजायचे, असा प्रवेश होता. मी तांब्या उचलला, तोच आजीने तो माझ्या हातून घेतला. ती सावकाश चालत गेली, बापूला ओलांडून पुढे झाली, आणि तांब्या फौजदारापुढे धरला.

झाले! इतके सगळे जुळून आले, आणि आता हे!

"आजी," मी विंगेतून कुजबुजलो, "पाणी बापूला! मार त्याने खाल्लाय!"

"दिसतंय की मला," आजी मागे न बघता म्हणाली. "पर दमलाय कोन?"