बोअरचं पाणी आणि शेवंताबाईचा हातगुण

"हे पिवळं हाय का, तुम्हीच सांगा मॅडम." अप्पांनी सुताची लडी माझ्यासमोर टाकली.

पिवळं नव्हतं. ओल्या राखेसारखा मातकट रंग होता. पुण्याच्या व्यापाऱ्याला त्या सुताची तान्ह्या बाळांची टोपडी विणून घ्यायची होती. त्याने सगळा माल परत पाठवला होता.

मी नांदेडची. खादीच्या कामात रंगाई सुपरवायझर होते. रिटायर झाले, तरी कुठे रंग बिघडला की बोलावणं येतं. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या या केंद्रात बाया चरख्यावर सूत काततात आणि झाडपाल्याच्या रंगात रंगवतात. अप्पा तिथले चेअरमन.

"शेवंताबाईचा हातगुण गेला," ते म्हणाले. "काढलं तिला. तुम्ही दुसरी एखादी तयार करून द्या."

शेवंताबाई तिथली रंगारीण. तिचं पिवळं इतकं स्वच्छ यायचं की बाकीच्या बाया तिच्या हातगुणाचं कौतुक करायच्या. माल परत आला आणि त्याच बाया तिने रंगवलेल्या लडीला शिवेनात. मी तिच्या घरी गेले.

"तीच साल, तीच तुरटी, तेवढाच जाळ," ती म्हणाली. "नळावर गेले तर बाया बाजूला सरकायल्यात. म्या काय पाप केलं?"

"काहीच बदललं नाही?"

"पाणी तेवढं. आधी आडाचं शेंदत होतो. आता बोअर हाय की."

पिवळा रंग डाळिंबाच्या सालीचा. सूत आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत भिजवायचं. तुरटी रंगाला धाग्यात धरून ठेवते, तिला आम्ही मॉर्डंट म्हणतो. पण पाण्यात लोह असलं की पिवळ्याचा राखाडी होतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तसंच. बोअरचं पाणी बादलीत भरून ठेवलं. सकाळी तळाशी तांबूस गाळ होता.

मग अप्पांच्या आणि बायांच्या समोर दोन पातेली चढवली. साल, तुरटी, सूत एकाच मापाचं. एकात आडाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. आडाच्या पाण्यातली लडी पिवळीधमक निघाली. दुसरी राखाडी.

"बोअरचं पाणी रंगाला वापरू नका," मी म्हणाले. "आणि शेवंताबाईंना परत बोलवा."

अप्पांनी मला बाजूला नेलं. समोर बोअर होतं आणि त्यावर संगमरवरी पाटी, देणाऱ्या साहेबांच्या नावाची.

"मी येडा न्हाई मॅडम, मला कळालं. पण साहेबांनी येऊन नारळ फोडलाय. केंद्राच्या नव्या शेडचं काम अजून त्यांच्याच हातात हाय. तिला परत घेतलं म्हंजे पाणी खराब हाय म्हणून आपणच गावभर सांगितल्यावाणी होतंय."

"आणि तिचं काय?"

"तिला कुठंबी काम भेटतंय की."

मी बायांकडे बघितलं. दोन्ही लड्या त्यांच्यासमोरच वाळत होत्या. एकेक करून सगळ्या चरख्यावर जाऊन बसल्या. त्यांनाही उद्या कामावर यायचं होतं, हे मला कळत होतं. तरी त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

जाताना शेवंताबाईला पिवळी लडी नेऊन दिली. ती बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली.

"म्हंजे माझा हात चांगला हाय?"

"चांगला आहे."

"सांगितलं का त्यास्नी?"

"सांगितलं."

"मग?"



दिवाळीनंतर त्या बाजूला गेले तेव्हा केंद्रात डोकावले. आड बुजवला होता, लेकरं पडतील म्हणून. बोअर जोरात चालू होतं. दोरीवर सूत वाळत होतं, झकास पिवळं. बाजारातून आणलेल्या केमिकलच्या पुडीचं. लेबल मात्र झाडपाल्याच्या रंगाचंच होतं. शेवंताबाई लोकांच्या शेतात सोयाबीन काढायला जात होती.

"नवी रंगारीण लई गुणाची हाय," एक बाई मला कौतुकाने सांगत होती. "हिचा हातगुण बघा की मॅडम."

रंगाच्या कामात आधी पाणी तपासावं, हे मी नोकरीभर शिकवलं. आता त्यात एवढंच घालते, की पाटी बसायच्या आधी तपासावं. नंतर पाणी तेच ठेवतात, माणूस बदलतात.