डावऱ्या भाचीचा दस्ता

“मामा, ही बंदूक हाय का खुळखुळा?”

भाची अशी ओरडली की रेंजवरच्या सगळ्यांनी नेम सोडून आमच्याकडं पाहिलं. तिनं एअर रायफल कानाशी नेऊन हलवली. आतून खडखड ऐकू आली. मी छताचे पत्रे न्याहाळू लागलो. नेमबाजी संघाची निवड चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि रायफलीचा लाकडी दस्ता मी, तिच्या सख्ख्या मामानं, घडवला होता.

पोरगी जन्माची डावरी. पंगतीत तिच्या डावीकडं बसलेला पाहुणा निम्मा उपाशी उठतो, कारण घासाघासाला दोघांची कोपरं भिडतात. रेंजवरच्या रायफली मात्र सगळ्या उजव्यांच्या. गाल टेकायचा उंचवटा नको त्या बाजूला, मुठीचा फुगवटाही उलटा. डाव्या खांद्याला लावली की मान बगळ्यासारखी लांबवत बसायचं. शिकवणाऱ्या सरांनी सांगून टाकलं होतं, या निवडीत नाही जमलं तर उजव्या खांद्यावर ये आणि पहिल्यापासून शीक. तिचा नेमाचा डोळाही डावाच. म्हणजे दोन वर्षांची मेहनत मातीत.

हे ऐकून मी छाती पुढं काढली. वाळूजच्या एका फाउंड्रीत मी लाकडी नमुने करतो. वाळूत त्यांचा ठसा घ्यायचा आणि त्यात लोखंड ओतायचं. माझ्या नमुन्यांवरून ओतलेले पंप अर्ध्या जगाला पाणी पाजतात. उरलेलं अर्धं जग तहानलेलं आहे ते आमच्या डिस्पॅचवाल्यांच्या ढिलाईमुळं.

रायफल रेंजबाहेर न्यायची मुभा नव्हती, म्हणून सरांनी कागदावर मापं लिहून दिली. मी शिसवाचा ठोकळा आणला आणि उंचवटा, फुगवटा सगळं बाजू पालटून असं कोरलं की शेजारी दाराशी थांबून बघायचे. चाचणीच्या आदल्या सकाळी रेंजवर बसवायला गेलो तर स्क्रू भोकांना लागेनात. अंतर दोन मिलीमीटर जास्त. मी दोष सरळ रायफल करणाऱ्याला दिला, भोकं मोठी केली आणि चहा मागवला. चहा यायच्या आतच तो खुळखुळा निघाला.

सरांनी शांतपणे विचारलं की मोजलं कशानं. मी खिशातली पट्टी काढून दिली. त्यांनी ती आपल्या पट्टीशेजारी ठेवली आणि दाखवलं, माझे दहा सेंटीमीटर त्यांच्या दहांपेक्षा जरा लांब होते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमच्या धंद्यातल्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटीमीटर मुळातच जरा लांब असतो. सवयीनं मी शिसवालाही आकसायला जागा ठेवली होती.

“मग उद्या सकाळपर्यंत आकसंल का हा?” भाचीनं विचारलं.

मी बाह्या सरसावल्या. एपॉक्सी गोंदात शिसवाचाच भुसा कालवला, मोकळी जागा भरली, स्क्रूंभोवती पितळी नळीचे तुकडे बसवले आणि दस्ता उन्हात ठेवून दुपारभर त्याच्यासमोर बसलो. आपल्या लग्नाच्या मुहूर्ताचीसुद्धा मी इतकी वाट पाहिली नव्हती.

संध्याकाळी भाचीनं रायफल खांद्याला लावली. गाल टेकला, मान सरळ राहिली. हलवून पाहिली, आवाज नाही. सरांनी पाच छर्रे मारायला लावले. पाचही एकाच भोकातनं गेले. सर म्हणतात तीनच गेले, पण सरांना चष्मा आहे.

दुसऱ्या दिवशी निवडीच्या यादीत शेवटचं नाव तिचं लागलं आणि उजव्या खांद्याचा विषय कायमचा मिटला. रविवारी बजाजनगरातल्या आमच्या घरी दौलताबादची पाहुणे मंडळी जमली. मी ही हकीकत चौथ्यांदा सांगितली. तोवर दोन मिलीमीटरचे अर्धा मिलीमीटर झाले होते आणि चूक रायफलीचीच होती. भाची कोपऱ्यात दस्ता पुसत बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी तिला विचारलं, की शेवटचा छर्रा मारताना मामा आठवला असंल ना?

“नाय,” ती म्हणाली. “नेम धरताना कुणी आठवत नसतं.”