आबांच्या तोंडाला साबण

काष्टीत बातमी अशी फिरली, की बनुबाईनं नवऱ्याच्या तोंडाला साबण फासला आणि त्याला दोरीवर वाळत घातला. बाजारात भाजीवालीनं तर विचारलंच, "वाळलं का वो मालक?"

खरं तर साबण लागला तो नवऱ्याच्या फ्लेक्सला. कानिफनाथ आबांच्या साठीचा दहा बाय आठचा फ्लेक्स. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल, खाली 'युवकांचे आशास्थान'. चौकातून उतरवल्यावर आबांनी तो नातीच्या खोलीत ठोकला, कारण तिथल्या भिंतीला काळा डाग आला होता. "डागबी झाकला, शोभाबी आली!"

नात राजनंदिनी, वय वर्षं चार. तेव्हापासून तिचा खोकला हटेना. डॉक्टरनं औषध दिलं आणि विचारलं, "खोलीत ओल आहे का?" बनुबाईनं घरी येऊन फ्लेक्सचं टोक उचललं. मागं बुरशी. आबांच्या मिशीपेक्षा दाट.

"फोटुला हात लावायचा न्हाई," आबा गरजले. "चौकात महिनाभर हुतो. कुनाला खोकला झाला?"

"चौकात वारं हुतं. पोरीची छाती घुरघुरतीय. आज भिंत मोकळी व्हनार."

भिंत मोकळी होणारच म्हटल्यावर आबा खराटा घेऊन धावले. "मंग मीच खरवडतो!"

तेवढ्यात गल्लीतली आशा सेविका अश्विनी दारात आली. "आबा, कोरडं खरवडू नका! सगळी बुरशी घरभर उडंल. पोरीला आधी भाईर न्या, खिडकी उघडा. मास्क घाला, डोळं झाका, अन् साबनाच्या पान्यानं पुसा. ॲसिड अन् ब्लीच एकत्र करू नका, इषारी वाफ व्हती."

डोळे झाकायला घरात एकच वस्तू होती. बनुबाईनं मास्क लावला, हाताला पिशव्या बांधल्या आणि आबांचा गॉगल चढवला. खोलीत गॉगलवाली गॉगलवाल्यासमोर उभी राहिली. तिनं आधी त्याला खाली उतरवला, मग भिंत पुसली, मग त्याचं तोंड धुऊन त्याला उन्हात दोरीवर टाकला. बातमी इथून सुटली.

पण ओल यायची कुठून? त्याच भिंतीला बाहेरून आबांचा आंघोळीचा दगड. रोज तीन बादल्या, त्यातली दीड भिंतीवर.

"पानी थांबलं न्हाई तर डाग परत येनार," अश्विनी म्हणाली.

"चाळीस वर्सं हितंच बसतोय," आबा म्हणाले. "दगड हलनार न्हाई, मीबी न्हाई."

मी शेजारचा पोरगा, आमच्या कठड्यावर बसून हे सगळं ऐकत होतो. "आज्जी, आबा मरेपर्यंत दगड सोडायचे न्हाईत."

"लाव पैज," बनुबाई म्हणाली. "हरलास तर आबाची नक्कल आबापुढंच करायची."

तिनं दगड आणि भिंतीच्या मधे दोन बांबू रोवले आणि धुतलेला फ्लेक्स तोंड दगडाकडं करून त्यांना ताणून बांधला. भिंतीपासून हातभर लांब, मागं वारं खेळावं म्हणून.

सकाळी आबांनी अंगाला साबण लावून तांब्या ओतला. फेस उडाला तो थेट युवकांच्या आशास्थानाच्या गॉगलवर. आबांनी इकडंतिकडं बघितलं, टॉवेलनं स्वतःचं तोंड पुसायच्या आधी फ्लेक्सचं पुसलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी बादली पार गोठ्यापलीकडं, शेवग्याखाली गेली.

भिंत वाळायला दीड महिना लागला. तोवर बनुबाईनं कुणाला रंगाचा डबाही उघडू दिला नाही. आता राजनंदिनी त्याच खोलीत झोपते आणि खोकत नाही.

नक्कल मी केली. गॉगल, मिशी, "दगड हलनार न्हाई", सगळं. आबांनी मान डोलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि बनुबाईला विचारलं, "कोन गं ह्यो मानूस? लई हट्टी दिसतोय."