डाव्या अंगठ्याचा खळगा

गेल्या रविवारी वडिलांची हत्यारपेटी तीनशे रुपयांना भंगारात गेली, तेव्हा बंगळुरात चामराजपेटेतल्या आमच्या दारात भंगारवाला, आई, मी आणि समोरचे अण्णा होतो. जुनं लोखंड दिसलं की अण्णा रस्ता ओलांडून येतातच. वस्तू ओळखताना ते तिच्याकडे बघत नाहीत. डोळे मिटून ती मुठीत फिरवत राहतात आणि "स्वल्प थांब" म्हणतात. निम्म्या वेळा चुकतात, तेही ठामपणे.

त्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याच्या पोत्यातून लाकडी मुठीचा एक वाकडा आकडा काढला. तो कशाचा, हे आईलाही ठाऊक नव्हतं.

"कशाचा ते कळत नाही रे," बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले. "पण माणूस डावखुरा."

मुठीवर अंगठ्याने झिजून खळगा पडला होता. माझा उजवा अंगठा त्यात बसेना, डावा अलगद बसला. वडील जेवायचे, लिहायचे उजव्या हाताने. हातोडी मात्र डाव्या हातात धरायचे.

"आता माल माझा," भंगारवाला हसला.

"अरे, याच्या बापाचा हात आहे तो!" अण्णा ओरडले.

"सरी, बरं, मग हाताचे पन्नास द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच घासाघीस न करता मी पन्नास रुपये भंगारवाल्याला दिले.