कापसाची दोन चित्रं

यवतमाळच्या कॉलेजात विदर्भातल्या तरुण संशोधकांची परिषद भरली, तेव्हा मी नागपूरला एम.एस्सी. करून नुकतीच संशोधनाला लागले होते. सजीवांच्या अंगातले रेणू कसे रचलेले असतात, हा परिषदेचा विषय. कोणी केसांवर काम करत होतं, कोणी रेशमावर, मी कापसावर. कापसाच्या तंतूंमधून क्ष-किरण पाठवले की पलीकडच्या फिल्मवर काळे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या जागांवरून आतले रेणू कसे बसलेत ते ताडायचं. कापूस मी मुकुटबनला मामाच्या शेतातून, बोंडातून काढून आणला होता.

बाबा पांढरकवड्याजवळच्या एका शाळेत मास्तर होते. रजा टाकून, कडक इस्त्रीचा सदरा घालून ते एसटीने आले आणि शेवटच्या बाकावर बसले.

सकाळी अमरावतीचा एक मुलगा बोलायला उभा राहिला. त्याचाही विषय कापूसच. त्याने पडद्यावर आपलं चित्र दाखवलं. त्याचे ठिपके माझ्यापेक्षा वेगळ्या जागी होते. त्याचं बरोबर असेल तर माझं वर्षभराचं काम चुकलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी जेवणानंतर होती.

जेवणाच्या सुट्टीत बाबा दिसेनात. शोधलं तर कॉलेजामागच्या निंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसलेले.

"आत पंगत आहे ना, बाबा."

"आपली भाकर हाये सोबत. कायले कोनाले तरास?"

आम्ही बौद्ध झालो त्याला थोडीच वर्षं झाली होती. नोकरीच्या पहिल्या गावात बाबांना शाळेच्या माठाला हात लावू देत नसत. आता त्यांना कोणी अडवलं नसतं, पण ते विचारायलाच गेले नव्हते. मीही त्यांच्याजवळ बसले.

तेवढ्यात तो अमरावतीचा मुलगा मला शोधत आला. माझाही विषय कापूस आहे हे त्याला आताच कळलं होतं. ताट घेऊन तो सरळ मातीत बसला. बाबांनी जरा थांबून अर्धी भाकर आणि ठेचा त्याच्यापुढे केला. त्याने घेतला, आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिला. बाबा पहिल्यांदा हसले.

मी माझं चित्र त्याला दाखवलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मी त्याचा नमुना मागितला. त्याने पिशवीतून सुताचं रीळ काढलं. हातात घेताच मला त्याची चमक जाणवली. वसतिगृहात मी भरतकाम करायचे, असा धागा रोजच्या हातातला. कच्चा कापूस असा चमकत नाही. सूत ताणून कॉस्टिक सोड्यातून काढलं की ही चमक येते, आणि आतल्या रेणूंची मांडणीही बदलते, हे मी नागपूरच्या ग्रंथालयात वाचलं होतं. जगाला ते केव्हाच ठाऊक होतं. त्याचा धागा सोड्यातून गेलेला आहे, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं.

त्याने रीळ बाजारातून आणलं होतं, चौकशी केली नव्हती. त्याचा चेहरा उतरला. त्याचे गुरुजी पहिल्या रांगेत बसणार होते. मी म्हटलं, मी सभेत हे काढत नाही, तुम्ही मागाहून दुरुस्ती करा.

"मंग तुमचं खोटं ठरन," तो म्हणाला आणि ताट उचलून गेला. तो रागावला की काय, ते मला कळलं नाही.

दुपारी मी बोलले. इंग्रजी अडखळत होतं. संपल्यावर त्याचेच गुरुजी उठले. सकाळच्या चित्राशी हे जुळत नाही, असं का, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून तो उभा राहिला.

"सर, माझा धागा कॉस्टिक सोड्यातला होता. मी विचारलंच नव्हतं. यांचं चित्र कच्च्या कापसाचं आहे, ते बरोबर आहे."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, दोन्ही फिल्म मागवल्या आणि खिडकीच्या काचेवर उजेडात शेजारी शेजारी धरल्या. हळूहळू सगळेच उठून खिडकीशी जमले. कोणी मला विचारत होतं, कोणी त्याला. शेवटी गुरुजी म्हणाले, "एकाच पदार्थाची दोन रूपं आहेत ही. दोघं मिळून लिहा."

त्यानंतर काही महिने मी अमरावतीला जात-येत राहिले. एकच सूत सोड्यात बुडवून टप्प्याटप्प्याने त्याची चित्रं घेतली. तो निबंध आम्हा दोघांच्या नावाने छापून आला.

परिषदेच्या त्या संध्याकाळी बाबा आणि मी एसटीने घरी निघालो. वाटेतलं उमरी गाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "तुमचं इंग्रजी मले काही समजलं नाही. पन तो पोरगा उभा राह्यला, ते मले समजलं."